वाआइंगा तुइंगामाला: सामोआच्या रग्बी लीगपटूच्या कारकिर्दीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रग्बी म्हटले की आपल्याकडच्या प्रेक्षकाला बहुधा न्यूझीलंडचा काळा पोशाख आणि सामन्याआधी मांड्या थोपटत केला जाणारा ‘हाका’ नाच आठवतो. तुइंगामालाने तो काळा पोशाख १९ कसोट्यांमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांत, घातला. परंतु पुढील प्रश्नोत्तरांचा मुख्य विषय सुरू होतो तो त्याने तो पोशाख उतरवून ठेवल्यानंतर.

तुइंगामाला कोण होता? त्याची कारकीर्द थोडक्यात कशी सांगता येईल?

वाआइंगा तुइंगामालाचा जन्म ४ सप्टेंबर १९६९ रोजी पॅसिफिक महासागरातील सामोआच्या उपोलू बेटावरील फालेआसीऊ या गावी झाला. १९८९ ते १९९३ या काळात तो न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स संघाकडून रग्बी युनियन खेळला. त्यानंतर इंग्लंडमधील विगन या क्लबशी करार करून तो व्यावसायिक रग्बी लीगकडे वळला, १९९५च्या लीग विश्वचषकात पश्चिम सामोआकडून (म्हणजे आजच्या सामोआकडून) उतरला, आणि पुढे पुन्हा युनियनमध्ये येऊन न्यूकासल फाल्कन्स हा क्लब व सामोआचा राष्ट्रीय संघ यांच्यासाठी खेळत राहिला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या अवघ्या ५२व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याच्या नावाचा योग्य उच्चार कोणता? त्याला ‘इंगा’ का म्हणत?

सामोअन भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, पण तिच्यात ‘जी’ हे अक्षर ‘ग’चा किंवा ‘ज’चा नव्हे, तर आपल्या ‘ङ’चा उच्चार दाखवते. ‘क ख ग घ ङ’ असे शाळेत घोकल्यानंतर ‘वाङ्मय’ सोडल्यास या अक्षराशी आपली फारशी गाठ पडत नाही; सामोअन माणसाच्या तोंडी मात्र ते दिवसभर असते. त्यामुळे इंग्लंडमधील समालोचक ज्याला ‘तुइगामाला’ म्हणत, त्याचे आडनाव ‘तुइंगामाला’ असे लिहिणे मूळ उच्चाराच्या अधिक जवळचे ठरते. ‘इंगा’ हे ‘वाआइंगा’चेच शेपूट, आणि तो विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या जागेवर, खेळत असल्यामुळे ‘इंगा द विंगर’ हे यमक प्रेक्षकांच्या जिभेवर बसले. मराठीत ‘इंगा दाखवणे’ असा वाक्प्रचार आहे, हा निव्वळ योगायोग. त्याच्या वाटेत उभ्या राहिलेल्या बचावपटूंना तो योगायोग वाटला नसता.

रग्बी लीग आणि रग्बी युनियन हे एकच खेळ नाहीत का?

नाहीत, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या कारकिर्दीतील एकही वळण नीट उलगडत नाही.

दोन्हींचे मूळ एकच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधील क्लबांमध्ये खाणकामगार आणि गिरणीकामगार मोठ्या संख्येने खेळत. शनिवारी सामन्यासाठी काम सोडले की त्यांची मजुरी बुडे, आणि तेवढी भरपाई तरी द्यावी, अशी त्यांच्या क्लबांची मागणी होती. खेळ हौशीच राहिला पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या नियामकांनी ती फेटाळली. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात जमून उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यांनी नियमही बदलले. १९०६पासून लीगचा संघ १३ जणांचा झाला, तर युनियनचा १५ जणांचाच राहिला.

आजच्या लीगमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात. खेळाडूला खाली पाडले की झुंज तेथेच थांबते. तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सरकवतो. मागे उभा असलेला सहकारी तो उचलून पुढची चाल सुरू करतो. दरम्यान समोरच्या दोघांखेरीज संपूर्ण बचावफळीला दहा मीटर मागे हटावे लागते. सहाव्या टॅकलनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागत असल्यामुळे पाचव्या टॅकलनंतर बहुतेक संघ लाथेने चेंडू दूर पाठवतात. युनियनमध्ये असे मोजमाप नाही. तेथे पाडलेल्या खेळाडूच्या अंगावरही चेंडूसाठी झोंबाझोंबी चालूच राहते आणि लाइनआउट (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणे) हा खेळाचा मोठा भाग असतो. ट्रायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, लीगमध्ये ४ गुण आहेत, युनियनमध्ये १९९२पासून ५.

आपल्याकडे बॉम्बे जिमखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या खेळली गेली ती युनियन. २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला झालेल्या रग्बी प्रीमियर लीगच्या नावात ‘लीग’ असले, तरी ती रग्बी लीग नव्हती. ती युनियनच्याच सात जणांच्या प्रकाराची स्पर्धा होती. हा गोंधळ इतक्या वेळा होतो की येथे तो नोंदवलेला बरा.

सामोआत जन्मलेला मुलगा न्यूझीलंडकडून कसा खेळला?

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, न्यूझीलंडने जर्मनीच्या ताब्यातील पश्चिम सामोआ घेतला आणि १ जानेवारी १९६२ रोजी तो स्वतंत्र होईपर्यंत तेथील कारभार पाहिला. युद्धोत्तर काळात न्यूझीलंडच्या कारखान्यांना मजूर हवे होते आणि बेटांवरील कुटुंबांना रोख मिळकत. त्यामुळे ऑकलंडमध्ये सामोअन वस्ती वाढत गेली. तुइंगामाला चार वर्षांचा असताना त्याचे कुटुंबही तेथे आले.

तो काळ या स्थलांतरितांसाठी सोपा नव्हता. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास मुदत संपूनही राहिलेल्यांच्या शोधात पोलीस पहाटे पॅसिफिक कुटुंबांच्या घरांवर छापे घालत. या छाप्यांबद्दल न्यूझीलंड सरकारने औपचारिक माफी मागितली ती २०२१ मध्ये. त्याच्या पिढीतील सामोअन मुले या वातावरणात वाढली. चर्च आणि खेळाचे मैदान या दोन जागी मात्र त्यांचे स्वागत होते. तुइंगामालाने दोन्ही जागा अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. केल्स्टन बॉईज हायस्कूल, पॉन्सनबी क्लब आणि ऑकलंडचा त्या काळी जवळजवळ अजिंक्य असलेला प्रांतिक संघ, अशा पायऱ्या चढत तो वर आला.

ऑल ब्लॅक्समधील त्याची कामगिरी कशी होती?

१९८९च्या वेल्स व आयर्लंड दौऱ्यासाठी त्याची प्रथम निवड झाली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पहिली कसोटी त्याला मिळाली १९९१च्या विश्वचषकात, अमेरिकेविरुद्ध. एका विंगवर जॉन कर्वन आणि दुसऱ्या विंगवर तुइंगामाला, ही ऑकलंडची जोडी न्यूझीलंडसाठीही खेळली. १९९३ मध्ये ब्रिटिश लायन्स या ब्रिटन व आयर्लंडच्या निवडक संघाविरुद्धची मालिका न्यूझीलंडने २-१ अशी जिंकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झालेला इंग्लंड-स्कॉटलंडचा दौरा त्याचा ऑल ब्लॅक्सबरोबरचा शेवटचा ठरला.

उंची जेमतेम पाच फूट दहा इंच आणि वजन शंभर किलोंहून अधिक, अशी त्याची चण होती. विंगवरचा खेळाडू म्हणजे सडपातळ आणि चपळ, हा त्या वेळचा रिवाज त्याने मोडला. त्याने रिकाम्या केलेल्या डाव्या विंगवर जून १९९४ मध्ये, फ्रान्सविरुद्ध, न्यूझीलंडने १९ वर्षांचा एक थोराड मुलगा उतरवला. त्याचे नाव जोना लोमू, पुढे जगभर गाजलेला विंगर. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे; परंतु बैलासारखा धडकणारा विंगर ही कल्पना न्यूझीलंडच्या प्रेक्षकांच्या अंगवळणी आधी इंगाने पाडली होती.

ऐन भरात असताना त्याने ऑल ब्लॅक्स का सोडले?

मुख्य कारण पैसा होते, आणि ते सांगताना संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

१९९३ मध्ये रग्बी युनियन अधिकृतरीत्या हौशी खेळ होता. भरल्या स्टेडियममध्ये, दूरचित्रवाणीवर लाखोंसमोर खेळणाऱ्या खेळाडूला खेळण्याचे वेतन मिळत नसे. सामोअन कुटुंबात कमावत्या माणसाकडे केवळ बायको-मुलांची जबाबदारी नसते. ‘आइंगा’ म्हणजे विस्तारित कुटुंब. त्यातील लग्ने, मृत्यू, चर्चच्या वर्गण्या आणि बेटांवरील नातलगांच्या गरजा यांत प्रत्येकाने आपला वाटा उचलावा, अशी रीत आहे. आपल्याकडे मुंबईला नोकरीला गेलेल्या मुलाच्या मनीऑर्डरीवर गावाकडची चूल पेटत असे, त्यासारखेच हे. अशा घरातील मुलाला मान भरपूर आणि पगार शून्य असा व्यवहार किती काळ परवडावा?

या निर्णयात धोका मोठा होता. त्या काळी लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्याला युनियनची दारे बंद होत. म्हणजे डिसेंबर १९९३ मध्ये तुइंगामाला ज्या रस्त्याने निघाला, तो सर्वांच्या दृष्टीने एकेरी होता. याआधी लीगमध्ये गेलेल्या ऑल ब्लॅक्सचे अनुभवही संमिश्र होते: फ्रानो बोटिका विगनमध्ये चमकला होता, तर १९८७च्या विश्वविजेत्या संघाचा फुलबॅक (सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू) जॉन गॅलाहर लीड्समध्ये जम बसवू शकला नव्हता.

विगन हा क्लब इतका महत्त्वाचा का होता?

विगन हे लँकेशरमधील जुने खाणगाव. पण १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या संघाने इंग्लिश लीगवर जी हुकमत गाजवली, तिला तोड नाही. १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षे चॅलेंज कप विगनकडे राहिला आणि १९८९-९० ते १९९५-९६ असे सलग सात हंगाम लीगचे विजेतेपदही. हा संघ पूर्ण वेळ व्यावसायिक होता, तर प्रतिस्पर्ध्यांपैकी अनेक क्लबांचे खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत.

तुइंगामाला आला तेव्हा या संघात मार्टिन ऑफाया, शॉन एडवर्ड्‌स, गॅरी कॉनोली, जेसन रॉबिन्सन असे खेळाडू होते. १९९४-९५च्या हंगामात विगनने लीग, चॅलेंज कप, रीगल ट्रॉफी आणि प्रीमियरशिप अशा चारही देशांतर्गत स्पर्धा जिंकल्या. हे खेळाडू ज्या सेंट्रल पार्क मैदानावर खेळत, तेथे आज सुपरमार्केट उभे आहे.

लीगमध्ये तो मैदानावर नेमके काय करत असे?

सुरुवातीला तो विंगवर खेळला, नंतर सेंटरला, म्हणजे विंगच्या आतल्या बाजूच्या जागेवर.

युनियनमध्ये, विशेषतः त्या काळच्या, विंगरला कित्येक मिनिटे चेंडूचा स्पर्शही होत नसे. थंडीत हात चोळत कडेला उभे राहायचे, आणि संधी आली की सुसाट सुटायचे. लीगमध्ये तसे उभे राहता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने पाचव्या टॅकलनंतर लाथाडलेला चेंडू आपल्या गोलरेषेजवळ येऊन पडतो, तो विंगर किंवा फुलबॅक उचलतो, आणि तेव्हा समोरची संपूर्ण फळी त्याच्या दिशेने धावत येत असते. तेथून पहिले दहा-पंधरा मीटर कमावणे हे लीगमधील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी कौतुकाचे काम आहे. दोन-तीन जण अंगावर येणार हे नक्की असते. प्रश्न एवढाच, की ते तुम्हाला जागच्या जागी पाडतात, की तुम्ही त्यांना लोंबकळत घेऊन आणखी चार पावले पुढे जाता.

इंगा ही चार पावले जात असे. त्याचे मांड्यांचे बळ आणि जमिनीलगतचा तोल असा होता की कमरेच्या वर धरणारा बचावपटू त्याला थांबवू शकत नसे, आणि खाली वाकून पाय धरणाऱ्याला गुडघ्याचा फटका सोसावा लागे. बरे, त्याला पाडायला तीन माणसे लागली तर ती तिघे उठून परत फळीत उभी राहीपर्यंत विगनचा डमी हाफ (पाडलेल्या सहकाऱ्याच्या मागे उभा असलेला खेळाडू) चेंडू उचलून निघालेला असे. शेजारच्या मोकळ्या जागेतून ऑफायासारख्या धावपटूने केलेल्या ट्रायवर इंगाचे नाव लिहिले जात नाही, परंतु ती जागा मोकळी होण्याची सुरुवात अनेकदा त्याच्या धडकेतून होई.

युनियनमधून आलेल्याला लीगमध्ये सर्वाधिक जड जाते ते चेंडू घेऊन धावणे नव्हे, तर बचाव. प्रत्येक टॅकलनंतर दहा मीटर मागे, लगेच पुन्हा पुढे, आणि हे सहा वेळा, मग पुन्हा सहा वेळा. भारदस्त शरीराच्या माणसाला हे फेरे पहिल्या काही महिन्यांत घाम फोडतात. सेंटरच्या जागेवर तर बचावातील एक चुकीचे पाऊल थेट ट्राय देऊन जाते. विगनसारख्या संघाने त्याला त्या जागेवर खेळवले, यावरून त्याने लीग किती आत्मसात केली होती, हे कळते. माझ्या मते त्याच्या ट्राय मोजण्यापेक्षा ही गोष्ट अधिक सांगून जाते.

विगनसाठी त्याचे आकडे काय सांगतात?

त्याने १०२ सामन्यांत ६२ ट्राय केल्या. प्रत्येकी ४ गुण धरता २४८ गुण होतात. तो गोलसाठी लाथ मारणारा खेळाडू नव्हता, म्हणून हिशेब इतका सरळ. पाच सामन्यांमागे तीन ट्राय ही सरासरी निव्वळ विंगरसाठीही चांगली मानली जाईल. सेंटरलाही खेळलेल्या माणसासाठी ती उत्तमच आहे. मात्र हा संघ त्या काळी जवळजवळ सर्वांनाच हरवत होता, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

लीगमध्ये तो सामोआकडून कधी खेळला?

१९९५च्या विश्वचषकात, इंग्लंड व वेल्समध्ये. तेव्हा देशाचे नाव पश्चिम सामोआ असे होते. ‘पश्चिम’ गळाले ते जुलै १९९७ मध्ये. संघाचे प्रशिक्षक न्यूझीलंडचे ग्रॅहम लो होते आणि कर्णधार होता जॉन शूस्टर, जो स्वतः तुइंगामालाप्रमाणेच सामोआत जन्मलेला माजी ऑल ब्लॅक होता.

गटात तीन संघ होते आणि पुढे जाणार होता एकच. पश्चिम सामोआने कार्डिफला फ्रान्सचा ५६-१० असा फडशा पाडला. त्यामुळे १५ ऑक्टोबर १९९५ रोजी स्वॉन्सीच्या व्हेच फील्डवर वेल्सविरुद्धचा सामना निर्णायक ठरला. वेल्सच्या चमूत स्कॉट क्विनेल, केल्व्हिन स्केरेट यांसारखे विगनमधील सहकारी होते, म्हणजे आठवडाभर ज्यांच्याबरोबर सराव करायचा, त्यांच्याच अंगावर आता धडकायचे होते. पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षकांनी गच्च भरलेल्या त्या छोट्या मैदानावर झालेली हाणामारीची लढत त्या स्पर्धेतील सर्वांत आडदांड सामन्यांपैकी एक म्हणून आजही आठवली जाते. वेल्सने ती २२-१० अशी जिंकली आणि सामोआ घरी परतला.

निकाल विरुद्ध गेला खरा. पण जन्मभूमीच्या निळ्या पोशाखात तुइंगामाला प्रथम उतरला तो या स्पर्धेत, लीगपटू म्हणून. पैशासाठी देश सोडला, असे ज्याच्याबद्दल न्यूझीलंडमध्ये बोलले गेले, त्याला त्याच निर्णयातून दुसरा, खरे तर पहिला, देश मिळाला.

१९९६ मधील विगन विरुद्ध बाथ हे सामने काय होते?

२६ ऑगस्ट १९९५ रोजी युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने पॅरिसमध्ये हा खेळ व्यावसायिक म्हणून खुला केल्याचे जाहीर केले. शंभर वर्षांपूर्वी झालेल्या फाळणीचे मूळ कारण एका निवेदनासरशी संपले. लगेच सर्वांना प्रश्न पडला, की लीगचा सर्वोत्तम संघ आणि युनियनचा सर्वोत्तम संघ समोरासमोर आले तर काय होईल?

मे १९९६ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. ८ मे रोजी मँचेस्टरच्या मेन रोडवर, लीगच्या नियमांनी, विगनने बाथ या इंग्लंडमधील युनियन क्लबला ८२-६ असे चिरडले. ऑफायाने एकट्याने सहा ट्राय केल्या. तीनच दिवसांनी विगनने ट्विकनमला जाऊन युनियनची मिडलसेक्स सेव्हन्स ही सात जणांच्या संघांची स्पर्धाही जिंकली. २५ मे रोजी युनियनच्या नियमांनी झालेल्या सामन्यात मात्र बाथने ४४-१९ अशी परतफेड केली. या लढतीत दोन्ही खेळ आतून जाणणारे विगनचे जे मोजके खेळाडू होते, त्यांत तुइंगामाला होता.

तो युनियनमध्ये परत का गेला? दहा लाख पौंडांचा करार खरा आहे का?

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. १९९६ मध्ये इंग्लिश लीगचा हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात हलवला गेला आणि सुपर लीग सुरू झाली. त्यामुळे लीगपटूंना हिवाळा मोकळा मिळू लागला. दुसरीकडे, नव्याने व्यावसायिक झालेल्या युनियन क्लबांकडे पैसा आला होता. त्या हिवाळ्यात जेसन रॉबिन्सन आणि हेन्री पॉल बाथकडे, गॅरी कॉनोली हार्लेक्विन्सकडे आणि तुइंगामाला वॉस्प्सकडे तात्पुरते खेळायला गेले.

याच सुमारास विगनची आर्थिक घडी विसकटत होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये सॅलफर्डने २६-१६ असे हरवून विगनची चॅलेंज कपमधील ४३ सामन्यांची अपराजित मालिका तोडली होती, पहिल्या सुपर लीगचे विजेतेपदही एका गुणाने सेंट हेलेन्सकडे गेले, आणि मोठ्या खेळाडूंचे पगार पेलणे अवघड झाले. न्यूकासल युनायटेड या फुटबॉल क्लबचे प्रमुख सर जॉन हॉल यांनी शहरातील रग्बी क्लब विकत घेऊन इंग्लंडचे रग्बीपटू रॉब अँड्र्यू यांच्या हाती सोपवला होता. १९९७च्या आरंभी या क्लबने तुइंगामालाला घेतले. वृत्तपत्रांनी या व्यवहाराची किंमत सुमारे दहा लाख पौंड अशी छापली, आणि त्या वेळी तो युनियनमधील सर्वांत महागडा खेळाडू म्हणून गाजला. गंमत म्हणजे न्यूकासल तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होते. पुढच्याच हंगामात, १९९७-९८ मध्ये, वरच्या श्रेणीत पदार्पण करताच त्यांनी इंग्लंडचे विजेतेपद जिंकले. सामोआचा कर्णधार पॅट लॅम त्याच संघात होता, आणि जॉनी विल्किन्सन नावाचा एक अठरा वर्षांचा मुलगाही.

एकच खेळाडू दोन देशांकडून कसा खेळू शकला?

त्या काळी युनियनमध्ये याला बंदी नव्हती. फ्रँक बन्स १९९१च्या विश्वचषकात पश्चिम सामोआकडून खेळला आणि १९९२ मध्ये ऑल ब्लॅक झाला. प्रवाह बहुधा असाच, लहान देशाकडून मोठ्या देशाकडे वाहत असे. तुइंगामाला उलट दिशेने गेला. १९९६पासून तो सामोआकडून २३ कसोट्या खेळला, म्हणजे न्यूझीलंडसाठी खेळलेल्या १९ कसोट्यांहून चार अधिक.

त्यांतील सर्वांत संस्मरणीय सामना १४ ऑक्टोबर १९९९चा. विश्वचषकाचे यजमान वेल्स, कार्डिफचे नवे कोरे मिलेनियम स्टेडियम, आणि सामोआचा ३८-३१ असा विजय. स्वॉन्सीतील चार वर्षांपूर्वीच्या पराभवाची ही सव्याज वसुली होती, जरी खेळ वेगळा असला तरी. त्यानंतर स्कॉटलंडने सामोआला ३५-२० असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. १ जानेवारी २००० पासून देश बदलण्याची मुभा बंद झाली. ती अटींसह पुन्हा मिळण्यासाठी २०२२ उजाडले.

निवृत्तीनंतर त्याने काय केले?

ऑकलंडला परतून त्याने अंत्यविधी सेवा सुरू केली. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते, पण सामोअन समाजाचा विचार करता ते तितकेसे विचित्र नाही. तेथे अंत्यविधी हा एका दुपारचा कार्यक्रम नसतो. आप्तांचे गट दिवसेंदिवस येत राहतात, भजने होतात, भाषणे होतात, अन्नाची आणि पैशांची देवघेव होते, आणि ‘इए तोंगा’ नावाच्या चटया समारंभपूर्वक उलगडून अर्पण केल्या जातात. केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या अतिशय बारीक पट्ट्यांपासून विणलेल्या या चटया इतक्या मऊ असतात की त्या कापडासारख्या हातावर पडतात. एकेक विणायला महिनोन्‌महिने लागतात. असा विधी सांभाळणाऱ्याला भाषा, नाती आणि मान यांची बारीक जाण लागते, आणि दुःखात बुडालेल्या माणसाजवळ शांतपणे बसताही यावे लागते. श्रद्धावान ख्रिस्ती असलेल्या इंगाला हे काम स्वाभाविक वाटले असावे.

व्यवहारात मात्र यश टिकले नाही. २०१३ मध्ये त्याला दिवाळखोरीला तोंड द्यावे लागले आणि त्याच वर्षी पक्षाघाताचा झटकाही आला. त्याआधी, २००८ मध्ये, त्याला ‘न्यूझीलंड ऑर्डर ऑफ मेरिट’चे सदस्यत्व देऊन गौरवण्यात आले होते.

त्याला लीगपटू मानावे की युनियनचा खेळाडू?

न्यूझीलंडमध्ये विचाराल तर ऑल ब्लॅक, विगनमध्ये विचाराल तर विगनचा, आणि सामोआची राजधानी आपियात विचाराल तर हा प्रश्नच गैरलागू ठरेल. प्रस्तुत लेखकाचे मत असे की खेळाडू म्हणून तो सर्वाधिक परिपूर्ण होता तो विगनमधील तीन वर्षांत. ऑल ब्लॅक्समध्ये त्याची ताकद वापरली गेली. लीगने त्याला दर मिनिटाला खेळात राहायला, बचाव वाचायला आणि सेंटरला उभे राहायला भाग पाडले. न्यूकासल आणि सामोआ यांना नंतर जो सेंटर मिळाला, तो विगनमध्ये घडलेला होता.

त्याच्यानंतर सामोआच्या रग्बी लीगचे काय झाले?

तुइंगामाला गेला त्याच वर्षी, २०२२च्या शरद ऋतूत, लीगचा विश्वचषक पुन्हा इंग्लंडमध्ये झाला. जॅरोम लुआई आणि ब्रायन टोओ यांसारख्या, ऑस्ट्रेलियाकडूनही खेळू शकले असते अशा, खेळाडूंनी या वेळी सामोआची निवड केली. तरीही पहिल्याच सामन्यात इंग्लंडने त्यांचा ६०-६ असा धुव्वा उडवला. चारच आठवड्यांनी, १२ नोव्हेंबर रोजी, लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर उपांत्य सामन्यात तोच इंग्लंड समोर होता. निर्धारित वेळेत २६-२६ अशी बरोबरी झाली आणि पहिला गुण घेईल तो जिंकेल, अशा जादा वेळेत स्टीफन क्रायटनने मारलेला ड्रॉप गोल (हातातून टाकलेला चेंडू जमिनीवरून उसळताच मारलेली लाथ) खांबांमधून गेला. सामोआ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. १९ नोव्हेंबर रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाने तो सामना ३०-१० असा जिंकला.

लुआई आणि टोओ सिडनीत जन्मले. ड्रॉप गोल मारणारा क्रायटन मात्र इंगासारखाच उपोलूवर, आपियात जन्मला आणि लहानपणीच घरच्यांबरोबर समुद्रापार गेला.